लेनरी पीटर्स: डॉक्टर आधी की कवी आधी?

प्राजक्ता_द

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात दर महिन्याला एकजण वीस-पंचवीस मिनिटं बोलतो, या खेपेला माझा नंबर आणि उत्साहाच्या भरात मी विषय सांगून बसले, "आफ्रिकेतले डॉक्टर-कवी". आता निस्तरतेय. शोधता शोधता गांबियाच्या लेनरी पीटर्सपाशी येऊन अडकले, चांगल्या अर्थानं अडकले म्हणजे, कारण त्यांची एक छोटी कविता वाचली, पाच वर्षांची इसातू नावाची मुलगी मरते त्यावरची, आणि दोन दिवस ती डोक्यातनं जाईना.

पण त्यांच्याबद्दल जिथे वाचावं तिथे तेच, डॉक्टर, कवी, आरोग्याचे पुरस्कर्ते, असे तीन शब्द ओळीनं माळेत ओवलेले आणि पुढच्या ओळीत जन्म-मृत्यू. मधे माणूस कुठेच नाही. हा माणूस दिवसा काय करायचा, रात्री काय लिहायचा, दवाखाना कवितेत येतो का, आणि ते "आरोग्याचे पुरस्कर्ते" म्हणजे नक्की केलं काय, हे कोणी जरा नीट सांगेल का? त्यांच्यासारखे आणखी कोणी असतील तर तेही सांगा, पण आधी पीटर्स. पंधरा दिवस आहेत हाताशी.

वाटसरू

विषय भारी घेतलात. आयुष्याचा भाग मी सांगतो, कवितेचं इथली कवितेची माणसं बघतील.

जन्म १ सप्टेंबर १९३२, गाव बथर्स्ट, ज्याला १९७३ पासून बांजुल म्हणतात. नकाशात गांबिया बघून घ्या एकदा, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही, एक नदी आणि तिच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी एवढाच देश, तिन्ही बाजूंनी सेनेगल आणि चौथ्या बाजूला समुद्र. घराणं क्रिओ. सिएरा लिओनमध्ये येऊन वसलेल्या मुक्त गुलामांच्या वंशजांना क्रिओ म्हणतात आणि त्यातले जे गांबियात आले त्यांना तिथे आकू म्हणतात. हा समाज छोटा पण शिकलेला, इंग्रजी वळणाचा, चर्चला जाणारा, आणि आजूबाजूला मांडिंका, वोलोफ, फुला असा बहुसंख्य मुसलमान समाज. म्हणजे आपल्याच गावात जरासं पाहुणं असल्यासारखं, हे त्यांच्या लिखाणात सारखं जाणवतं. घरात सगळीच हुशार, बहीण फ्लोरेन्स माहोनी गांबियाची नावाजलेली इतिहासकार.

१९४९ ला शिकायला सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनला, प्रिन्स ऑफ वेल्स स्कूलमध्ये, तिथे सायन्स. १९५२ ला केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात, मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकीचं शिक्षण, १९५९ ला डिग्री. त्याच काळात आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, आणि १९५५ पासून बीबीसीवर आफ्रिकेसाठीचे कार्यक्रम करायचे ते जवळजवळ तेरा वर्षं, म्हणजे हॉस्पिटलच्या ड्युट्या सांभाळून रेडिओ, त्यातच कविता, आणि एक कादंबरीसुद्धा. पहिला संग्रह १९६४ ला नायजेरियातल्या इबादानच्या एंबारी प्रकाशनानं काढला. १९६५ ला कादंबरी आली, तिच्यात इंग्लंडहून शिकून परत आलेला डॉक्टर कावा फ्रीटाऊनला उतरतो आणि त्याला ना घरचं धड वाटतं ना तिकडचं. कादंबरी आली त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला गांबिया स्वतंत्र झाला, आणि हा लेखक अजून इंग्लंडमध्येच, गिल्डफर्ड नॉर्दॅम्प्टन अशा ठिकाणी सर्जरी करत. परत आले ते ६० चं दशक संपता संपता. मग बांजुलचं व्हिक्टोरिया हॉस्पिटल, नंतर सेरेकुंडाचं वेस्टफील्ड क्लिनिक, आणि तिथेच राहिले. २८ मे २००९ ला सेनेगलमध्ये डकारला वारले, वय ७६.

एक सांगतो, तुमच्या टिपणात त्यांना फिजिशियन लिहिलं असेल तर खोडा, ते सर्जन होते, सर्जनला फिजिशियन म्हटलं की दोन्ही जमातींना राग येतो.

टाका

वाटसरू, शेवटच्या वाक्याला दंडवत. :) मी सर्जनच, त्यामुळे कवितेतलं कळतं असा दावा नाही, पण दिवसा काय करत असतील त्याचा अंदाज देऊ शकतो.

मोठ्या शहरात सर्जन म्हणजे एकेका अवयवाचा मालक, कोणी फक्त गुडघा कोणी फक्त पित्ताशय. ज्या देशात सर्जन बोटावर मोजण्याइतके तिथे असं चालत नाही. सकाळी अडकलेला हर्निया, दुपारी अडलेल्या बाईचं सिझेरियन, संध्याकाळी ट्रकवरून पडलेला पोरगा, मधे कोणाचा गळू फोडायचा. हर्नियाचं उदाहरण घ्या म्हणजे समजेल. आतडं फटीत अडकलं, रक्तपुरवठा तुटला, की पहिल्या काही तासांत उघडलं तर आतडं आत ढकलून शिवून टाकायचं, माणूस आठवड्यात घरी. उशीर झाला की तेच आतडं काळं पडलेलं असतं, तो तुकडा कापून काढायचा आणि मग माणूस वाचेल न वाचेल. आजार तोच, ऑपरेशन करणारा हात तोच, फरक फक्त तो किती वाजता पोचला याचा.

आता वाटसरूंनी सांगितलेला नकाशा परत काढा. मधे नदी. उत्तर काठाच्या माणसाला बांजुलला यायचं तर बार्राहून फेरीबोट. फेरी चुकली, बंद पडली, रात्र झाली, की थांबा. आणि तिकडे वर फराफेन्नीला या नदीवरचा मोठा पूल सुरू झाला कधी, तर जानेवारी २०१९ ला! म्हणजे पीटर्सच्या सगळ्या प्रॅक्टिसभर नदी ही फेरीनंच ओलांडायची. सार्वजनिक आरोग्य म्हणजे लस आणि भिंतीवरची पोस्टरं एवढंच लोकांना वाटतं, आमच्या लेखी ते फेरीचं वेळापत्रकसुद्धा असतं. मी कुठे ते सांगत नाही, पण नोकरीची पहिली काही वर्षं अशाच आडबाजूला काढलीत, पेशंट आत आल्यावर पहिला प्रश्न कुठे दुखतं हा नसायचाच, "निघालात कधी?" हा असायचा.

आता इसातूबद्दल. प्राजक्ता, तुम्ही लिहिल्यावर मी ती कविता काढून वाचली, जेमतेम वीसेक ओळींची आहे. मला तिच्यातलं वय लागलं. पाच. गांबियात १९४७ पासून ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलचं केंद्र आहे, फजाराला, आणि केनेबा नावाच्या खेड्यात इयान मॅकग्रेगर यांनी १९५० च्या सुमारास घरोघरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्या काळात तिथली जवळपास निम्मी मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जायची. निम्मी. मलेरिया, जुलाब, न्युमोनिया, गोवर, आणि पावसाळ्यात आया दिवसभर शेतात म्हणून पोरांचे हाल ते वेगळेच. आता बघा, बालमृत्यूचा जगभरचा आकडा मोजतात तो "पाच वर्षांखालील" असाच. म्हणजे इसातू ती रेघ ओलांडून पलीकडे आलेली आहे. आई म्हणत असणार चला, ही जगली. आणि मग ती मरते. त्या आकड्यात ती धरली जाणार नाही. पीटर्सनी हा आकडा मुद्दाम घेतला असं मी शपथेवर सांगणार नाही, पण डॉक्टरच्या हातून पाच हा आकडा सहज पडत नाही, मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आणि जाता जाता, याच देशात १९८८-८९ च्या सुमारास फराफेन्नीच्या दक्षिणेकडच्या गावांत मच्छरदाण्या पर्मेथ्रिन या डास मारणाऱ्या औषधात बुडवून वापरायचा प्रयोग झाला. मच्छरदाणी तिथल्या लोकांकडे आधीपासून होतीच, नवीन काय तर औषध. १ ते ४ वर्षांच्या मुलांचे मृत्यू त्या गावांत दुसऱ्या गावांच्या मानाने ६३ टक्क्यांनी कमी निघाले. बादलीत औषध कालवायचं, मच्छरदाणी बुडवायची, पिळायची आणि पसरून वाळवायची, बस. आज आफ्रिकेत कोट्यवधी औषधी मच्छरदाण्या वाटल्या जातात त्यामागे ज्या काही थोड्या प्रयोगांचा आधार आहे त्यातला हा अगदी पहिल्या रांगेतला. हे पीटर्सनी केलं नाही बरं का, नाहीतर तुमच्या भाषणात घुसेल. पण इसातूचा देश तो हाच.

कंदील

टाका यांचा प्रतिसाद सुंदर आहे, पण मी जरा आडवा येतो. "आरोग्याचे पुरस्कर्ते" ही पदवी पीटर्सना चिकटवायची कशाला? मला या तीन शब्दांच्या माळेचाच कंटाळा आलाय. माणसानं परदेशातला जम बसलेला सोडला, आपल्या चिमूटभर देशात येऊन तीसेक वर्षं पोटं फाडली आणि शिवली, एवढं पुरत नाही का? प्रत्येक डॉक्टर पुरस्कर्ता असलाच पाहिजे असं काही आहे का.

त्यांनी दवाखान्याबाहेर जे केलं ते बघितलं तर त्यात आरोग्य कमी आणि शाळा-पुस्तकं जास्त. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मंडळाचे अध्यक्ष, गांबिया कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष, नंतर पश्चिम आफ्रिकेच्या परीक्षा मंडळाचे प्रमुख. सर्जननं ग्रंथालयाच्या मीटिंगला बसायचं म्हणजे माझ्या मते ती खरी हौस, तिथे ना मान मिळतो ना पैसा, मिळतो तो गारढोण चहा.

आणि खरी गोष्ट तर कोणी काढलीच नाही अजून. जुलै १९९४ ला तिथे लष्करी बंड झालं, याह्या जामे नावाचा २९ वर्षांचा लेफ्टनंट सत्तेवर आला, आणि त्यानं जाहीर केलं की नागरी राजवट परत यायला चार वर्षं लागतील. त्यावर बोंबाबोंब झाली, परदेशी मदत थांबायला लागली, तेव्हा लोकांचं म्हणणं ऐकायला एक राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष कोण, तर डॉ. लेनरी पीटर्स. समितीनं देशभर लोकांशी बोलून शिफारस केली, चार नाही, दोन वर्षं पुरे. आणि लष्करानं ते मानलं! १९९६ ला निवडणूक झाली. बंदूकवाल्याकडून दोन वर्षं परत काढून घेणं हे साधं काम नाही.

पण पुढचं ऐका. निवडणूक जिंकली कोणी, त्याच जामेनं, वर्दी उतरवून झगा चढवून. आणि तो राहिला २०१७ पर्यंत. आता तुमच्या आरोग्याच्या विषयाशी जोड बघा, जानेवारी २००७ मध्ये हाच राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर सांगायला लागला की मला एड्स बरा करता येतो, वनस्पतींचं औषध आहे माझ्याकडे, आणि पेशंट आणून त्यांच्या अंगाला लेप चोळणं, काढे पाजणं टीव्हीवर दाखवायचे, त्यांच्या चालू असलेल्या एचआयव्हीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या प्रतिनिधी फादझाई ग्वारादझिम्बा यांनी शंका घेतली तर त्यांना फेब्रुवारीत देशाबाहेर काढलं. माणसं गेली त्यात. २०१८ ला त्यातनं वाचलेल्या तिघांनी त्याच्यावर खटला गुदरला. म्हणजे एका खऱ्या डॉक्टरनं ज्याची मुदत कमी करून घेतली तोच पुढे खोटा डॉक्टर होऊन बसला, आणि खरे डॉक्टर तेव्हा त्याच देशात पंचाहत्तरीत होते. एवढी गोष्ट सांगितलीत तर वीस मिनिटं त्यातच संपतील.

प्राजक्ता_द

बाप रे, कंदील, हे माहीतच नव्हतं मला. आणि टाका, ते "पाच" वाचून परत कविता काढली, आता अजूनच वाईट वाटतंय.

तुमच्या बोलण्यातनं मला एक दिसायला लागलंय ते चूक असेल तर सांगा. मी शोधत होते दवाखाना कवितेत कुठे येतो ते, आणि इसातूच्या कवितेत तो येतच नाही, इंजेक्शन नाही, स्टेथोस्कोप नाही, वॉर्ड नाही. इसातूला काय झालं होतं तेसुद्धा सांगत नाहीत! डॉक्टर असून मरणाचं कारणच नाही लिहीत. पण सगळ्यांचे चेहरे मात्र बरोबर टिपलेत, शेजारीपाजारी पैसे घेऊन रडतायत आणि मनात हिशेब करतायत की हिचं लग्न झालं असतं तर केवढं जेवण झालं असतं. बाप दगडासारख्या डोळ्यांनी बघतो आणि विचारतो की सकाळच्या दवात मिसळलेलं अत्तर कोणी सांडलं, असं काहीतरी, एवढंच. हे खाटेशेजारी उभं राहून बघितलेल्या माणसाचंच आहे ना?

टाका

आहेच. मरणाचं कारण आम्ही सर्टिफिकेटवर लिहितो, तिथे नातेवाइकांच्या तोंडावर काय होतं ते लिहायला रकाना नसतो.

(कंदील, जामेची जोड जोरदार. मी माझे शब्द मागे घेत नाही पण फेरी पुराण आवरतो.)

रानवारा

उशिरा आले धाग्यावर. प्राजक्ता, "आणखी कोणी" यावर मी लिहिते, तू त्यातलं काय घ्यायचं ते घे.

डेव्हिडसन निकोल, सिएरा लिओनचे, जन्म १९२४. अबिओसे निकोल या नावानं कविता आणि कथा लिहायचे. हेसुद्धा केंब्रिजचे, तिथल्या कॉलेजचे फेलो झालेले पहिले आफ्रिकन म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांचं काम इन्शुलिनवर, माणसाच्या इन्शुलिनमधली अमिनो आम्लं कुठल्या क्रमानं येतात त्यावर लेस्ली स्मिथ यांच्याबरोबर १९६० चा पेपर आहे. मग फ्रीटाऊनच्या फुरा बे कॉलेजचे प्राचार्य, पुढे संयुक्त राष्ट्रांत मोठी पदं.

दुसरे लतुंडे ओडेकू, नायजेरियाचे, जन्म १९२७, अमेरिकेत हॉवर्ड विद्यापीठात डॉक्टरकी, मिशिगनला मेंदूची सर्जरी शिकले, आणि १९६२ ला इबादानला परत येऊन तिथे न्यूरोसर्जरी उभी केली. परत यायच्या आधी अमेरिकेत चांगली संधी होती. त्यांचेही कवितासंग्रह आहेत. गेले १९७४ ला लंडनमध्ये, फक्त ४७ वर्षांचे, मधुमेहानं. एक आफ्रिकन कवी इन्शुलिनची घडण उलगडतो आणि दुसरा कवी मधुमेहानं जातो, हे दोघं एकाच भाषणात शेजारी ठेवलेस तर काही बोलायचीसुद्धा गरज नाही.

तिसरे आगोस्तिन्यो नेतो, अंगोलाचे, आणि हे अवघड प्रकरण आहे. १९२२ चा जन्म, कोइम्ब्रा आणि लिस्बनला डॉक्टरकी, मधे पोर्तुगीजांनी दोनदा तीनदा तुरुंगात टाकलेलं म्हणून डिग्री मिळायला १९५८ उजाडलं. १९५९ ला लुआंडाला येऊन दवाखाना काढला आणि जून १९६० ला परत अटक, तीही दवाखान्यातनंच म्हणतात. त्यांच्या गावचे लोक, पेशंट, निषेधाला निघाले तर सैनिकांनी गोळ्या घातल्या, ३० च्या आसपास मेले आणि २०० जखमी. डॉक्टरला पकडलं म्हणून गाव रस्त्यावर येतं हे किती ठिकाणी झालं असेल? त्यांना केप व्हर्देला हद्दपार केलं तर तिथल्या सान्तो आन्ताओ बेटावर परत डॉक्टर म्हणून काम. १९६२ ला पोर्तुगालमधून निसटले, आणि ११ नोव्हेंबर १९७५ ला अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष.

कंदील

रानवारा, नेतोचं इथेच थांबवू नका ना. २७ मे १९७७ चं पण लिहा. पक्षातल्याच लोकांनी उठाव केला, तो मोडल्यावर महिनोन्‌महिने धरपकड आणि गोळ्या घालणं चाललं, हजारो माणसं मारली, नक्की किती यावर अजून भांडणं आहेत. अंगोलाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ ला. हे सगळं डॉक्टर-कवीच्या सहीखाली झालंय. अशा माणसाला पीटर्सच्या रांगेत बसवायचं?

रानवारा

मी बसवत नाहीये, म्हणूनच अवघड म्हटलं. पण गाळूनही चालणार नाही. आपल्याला उगाच वाटतं ना की डॉक्टर आणि वर कवी म्हणजे दुप्पट हळवा असणार, तर तसं काही नसतं, एवढं तरी नेतोवरून कळतं. आणि त्यांच्या तुरुंगातल्या कविता चांगल्या आहेत, त्या नंतरच्या गोष्टींनी वाईट होत नाहीत, वाचताना घास अडकतो एवढंच.

बाकी तू पीटर्सवरच बोल, प्राजक्ता. तिघाचौघांची जंत्री केलीस तर परत तीच माळ होईल. त्यांच्या १९७१ च्या संग्रहाचं नाव बघितलंस का, काचिकाली?

प्राजक्ता_द

बघितलं, पण ते काय ते कळलं नाही. गाव आहे का?

वाटसरू

काचिकाली म्हणजे बकाऊमधलं मगरींचं तळं, बांजुलपासून जवळच. पवित्र मानतात. बोजांग घराण्याकडे त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या आहे. मूल होत नाही अशा बायका तिथे येतात, घराण्यातल्या जाणत्या बायका त्यांना त्या पाण्यानं आंघोळ घालतात, आणि मगरी कडेला उन्हात पडलेल्या असतात, कोणाला काही करत नाहीत म्हणतात. आता पर्यटक त्यांच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढतात.

मला यात गंमत ही वाटते की केंब्रिजचा सर्जन नुकताच देशात परत आलाय, आणि तो संग्रहाचं नाव ठेवतो त्या तळ्याचं जिथे त्याच्याकडे येऊ शकणाऱ्या पेशंट बायका त्याच्याकडे न येता जातात. त्याला ते अंधश्रद्धा म्हणून धुडकावता आलं असतं. तसं त्यानं केलेलं नाही, त्या तळ्याची रया जाताना त्याला तुटतं. पण म्हणून तो तिकडे नमस्कार करायलाही बसलेला नाही. ही दोन्हीकडची ओढ त्यांच्या पॅराशूटवाल्या कवितेतही आहे, उडी मारणारा माणूस दोन जगांच्या मधे हवेत लोंबकळतोय. शिकून परत आलेल्या त्या अख्ख्या पिढीचं चित्र आहे ते.

टाका

तळ्याबद्दल एक. वंध्यत्वाच्या केसमध्ये १९७१ साली कुठल्याही सर्जनच्या हातात तरी काय मोठं होतं. नळ्या बंद असतील तर उघडायचा प्रयत्न, तोही बहुतेक वेळा फसायचा. टेस्ट ट्यूब बेबी १९७८ ची. तळ्याकडे जाणाऱ्या बाईला "इकडे ये" म्हणायचं तर आपल्याकडे द्यायला काहीतरी पाहिजे ना. तिथे निदान दहा बायका तिच्याभोवती बसून तिचं ऐकत तरी होत्या.

प्राजक्ता_द

ठरलं मग. बाकी सगळे एकेका वाक्यात, आणि बोलायचं फक्त तीन गोष्टींवर, इसातू, काचिकाली आणि ती १९९४-९५ ची समिती. "आरोग्याचे पुरस्कर्ते" खोडलं, कंदील खूश होतील. फेरी मात्र मी घेणार आहे टाका, तुम्ही आवरलीत तरी.

एक शेवटचं अडलंय. इसातूचा मराठीत साधा अनुवाद करून वाचायचा विचार आहे. त्यात आई रडते, आणि इतक्या लवकर गमावल्याबद्दल ती अर्धी आभारी आहे असं काहीतरी येतं. "अर्धी कृतज्ञ" लिहिलं तर सत्कार समारंभ वाटतो. काय करू?

रानवारा

"सुटली" हा शब्द वापरून बघ.

प्राजक्ता_द

मी पण तोच लिहिला आधी, पण मराठीत मेलेल्या माणसाला आपण सुटला म्हणतो. "सुटली बिचारी" म्हटलं की ऐकणाऱ्याला इसातू सुटली वाटेल. इथे तर आई सुटलीय, म्हणजे पुढे पंधरा-सोळा वर्षांची होऊन मेली असती तर किती जास्त तुटलं असतं, त्यातनं सुटलीय. जीव फार गुंतायच्या आत गेली, असं.

वाटसरू

मग तोच गोंधळ राहू दे की. "आई रडली, थोडी सुटल्यासारखी." कोण सुटलं ते ऐकणारा ठरवेल.

कंदील

"थोडी" नको. मुळात अर्धी आहे तर अर्धीच पाहिजे, तो सर्जन आहे, मापात लिहितो. "आई रडली, अर्धी सुटल्यासारखी."

प्राजक्ता_द

"अर्धी सुटल्यासारखी" मोठ्यानं वाचून बघितलं. दुसरी अर्धी लगेच ऐकू येते. हेच ठेवते.